रित्या आकाशातला ठिपका

मिस्त्रीच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. मिस्त्री टेकडीवरच्या वेधशाळेत दुर्बिणीची देखभाल करायचा. त्याची भाची तिथेच संशोधनाला होती. ती मामा म्हणायची म्हणून हळूहळू सगळी वेधशाळा त्याला मामा म्हणू लागली. प्रमुखबाई त्याच्याहून वयाने मोठ्या, तरी त्याही!

भाची खुज्या दीर्घिका, म्हणजे थोडक्या ताऱ्यांच्या लहानशा आकाशगंगा, शोधत होती, त्याही ओसाड जागेतल्या.

"मामा, आकाशातही गावं असतात आणि माळरानं असतात," ती सांगायची. "गावातल्या धाकट्या दीर्घिकांना थोरल्या ओढतात, ओरबाडतात. माळावरच्या एकटीला कुणी हात लावलेला नसतो. जन्मली तशीच सापडते."

"म्हणजे सासुरवास न झालेली," मिस्त्री म्हणायचा.

तीन वर्षं खपल्यावर तिला अशा एका रित्या तुकड्यात अंधूक ठिपका सापडला. ऐंशी फोटो एकावर एक रचले तेव्हा कुठे दिसला. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. मिस्त्री मात्र ठिपक्याचा विषय निघाला की उठून जायचा.

लेकीला जुळं झाल्याचा फोन आला तेव्हा तो कॅमेऱ्यापुढची रंगीत काच बसवत होता. आनंदाच्या भरात हातमोजा काढून फोन घेतला आणि त्याच उघड्या हाताने काच धरली. अंगठा उमटला. दोन दिवसांनी ते ध्यानात आल्यावर त्याने गुपचूप पुसून टाकला. पण मधल्या वेळात पांढऱ्या पडद्याचे फोटो काढून झाले होते, आणि भाचीचे आकाशाचे ऐंशी फोटो पुसल्यानंतरचे होते. काचेवर डाग कुठे आहे ते संगणक या फोटोंवरून ओळखतो आणि तिथला उजेड वाढवून घेतो. डागच पुसला गेला असेल तर आकाशात नसलेला उजेड उगवतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मिस्त्रीला हे पाठ होतं.

चोराच्या मनात चांदणं. चार दिवस त्याने कसेबसे काढले. भाचीचा लेख शुक्रवारी जायचा होता. गुरुवारी दुपारी तो तिच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

"बाळा, तुझा तो ठिपका... माझा अंगठा असेल."

त्याने सगळं सांगितलं. भाचीच्या तोंडचं पाणी पळालं.

"मामा, तीन वर्षं गेली रे माझी! आणि तू हे आज सांगतोयस?"

"उद्या सांगितलं असतं तर जगभर शोभा झाली असती."

ती संगणकाकडे वळली. निम्मे फोटो कॅमेरा उभा ठेवून घेतले होते, निम्मे आडवा फिरवून. ठिपका काचेमुळे आला असेल तर कॅमेऱ्याबरोबर फिरेल, आकाशातला असेल तर ताऱ्यांजवळची जागा सोडणार नाही. तिने दोन्ही चाळीस-चाळीस वेगळे रचायला लावले. तासभर लागला. मिस्त्री उभाच होता.

"ये इकडे," ती म्हणाली. "हा ठिपका. आणि हा आडव्या फोटोंमधला. त्याच तीन ताऱ्यांच्या मधे. फिका आहे, पण हललेला नाही."

"मग माझा अंगठा?"

"हा काय, कोपऱ्यात! आडव्या फोटोंमध्ये बघ, या दुसऱ्या कोपऱ्यात गेलाय. लेखासाठी रचताना या कडा मी कापूनच टाकल्या होत्या." आणि ती खो खो हसत सुटली. "मामा, कागदावरचे अंगठेबहाद्दर पुष्कळ ऐकले. आकाशावर अंगठा उठवणारा तूच!"

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. तो तिच्या कागदांच्या गठ्ठ्यावरच बसला. "हस, हस," तो डोळे पुसत म्हणाला, "मेलो होतो मी."

प्रमुखबाईंकडे तो आपण होऊन गेला आणि बोलणी खाऊन आला. लेख महिनाभर थांबला. तेवढ्यात एका मोठ्या दुर्बिणीने ठिपक्याचं अंतर मोजून दिलं. खुजी दीर्घिकाच होती, खरोखरच माळावरची. आसपास चिटपाखरू नाही.

पुढे नऊ वर्षं मिस्त्रीने त्याच काचा पुसल्या, आणि दर वेळी पुसल्याचा दिवस आणि वेळ वहीत लिहिली. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी, चार फेब्रुवारीला सकाळी, तो थोरल्या लेकीच्या घरी वारला.