दोन आज्यांमधली काद्री

२०२१च्या जानेवारीत कासलबारच्या हॉस्पिटलमधून अनुयाला फोन आला. अनुया मूळची नागपूरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे आयर्लंडला आलेली. क्लोनडॉकिनच्या एका छोट्या एजन्सीसाठी दुभाषे शोधायचं काम ती लॉकडाऊनपासून स्वोर्ड्स गावातल्या आपल्या घरातूनच करत होती.

"इटालियन आणि एस्टोनियन, दोन्ही भाषा येणारं कुणी मिळेल?" हॉस्पिटलची समाजसेविका विचारत होती.

लीस नावाची एस्टोनियन मुलगी कोविडमुळे व्हेंटिलेटरवर होती. तिचा इटालियन नवरा त्याच हॉस्पिटलात ऑक्सिजनवर. दोन शब्द बोलला तरी त्याला धाप लागायची. घरी पाच महिन्यांची लेक आणि नाताळासाठी म्हणून आलेली त्याची आई, तेरेझा. लीसची आई मारेत तिकडे एस्टोनियात. दोघींनाही इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मोबाइलवरच्या भाषांतराच्या एका अ‍ॅपची मदत घेऊन पाहिली. "मी येईपर्यंत बाळाला सांभाळा," असं मारेतनं लिहिलं. तेरेझाच्या फोनवर उमटलं, "मी येऊन बाळाला घेऊन जाईन." तेव्हापासून तेरेझा तिचा फोनच उचलत नव्हती.

"मधे इंग्रजी ठेवून दोन दुभाषे लावू, ग्रँड होईल," मॅनेजर त्याच्या आयरिश ढंगात म्हणाला. अनुयाला ते पटेना. एकदा बिनसलेलं बोलणं आणखी दोन तोंडांतून कशाला फिरवायचं?

दोन दिवस ती मेलवर मेल पाठवत राहिली. एजन्सीच्या यादीत कुणीच नव्हतं. वकिलातीकडून मिळालेली नावं कागदपत्रांचे अनुवाद करणाऱ्यांची निघाली. एस्टोनियातल्या तार्तूत शिकणारी एक इटालियन मुलगी आनंदानं तयार झाली. पण बोलता बोलता म्हणाली, "काळजी करू नका, कुणी रागानं बोललं तर मी जरा गोड करून सांगेन." अनुयानं तिचे आभार मानले आणि शोध चालूच ठेवला.

तिसऱ्या दिवशी इटलीतल्या बोलोन्यात काद्री सापडली. जन्मानं एस्टोनियन, पंधरा वर्षं कोर्टात दुभाषी. तिनं बाळाचं नाव, लीसची तब्येत, कॉलवर कोण कोण असेल, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "त्या जे बोलतील तेच मी बोलेन. पदरचं काही घालणार नाही, काही गाळणारही नाही. चालेल ना?"

"तेच हवंय," अनुया म्हणाली.

लाइन सांभाळायला अनुयाला कॉलवर थांबावं लागलं. तिला एक शब्द कळत नव्हता. मारेतचा आवाज चढला. काद्रीचा चढला नाही. तेरेझा रडत रडत बरंच काही बोलली. काद्रीनं ते सगळं, सावकाश, पलीकडे पोचवलं. पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. अनुयाला वाटलं, लाइन तुटली.

तेवढ्यात काद्री इंग्रजीत म्हणाली, "तेरेझानं फोन बाळाजवळ धरलाय. सध्या माझं काही काम नाही."

अनुयानं डोळे पुसले.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा कॉल होऊ लागले. मार्चमध्ये नवऱ्यापाठोपाठ लीसही घरी आली आणि ते थांबले.

जुलैअखेर लीसनंच एजन्सीला फोन केला. प्रवास खुला झाल्यावर मारेत आली होती, तेरेझाही होतीच.

"आई बाळाला दुपारी बाहेर बाबागाडीत झोपवते. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. सासूबाई तिला उचलून आत आणतात. मी मधे पडले की दोघींना वाटतं, मी दुसरीची बाजू घेतेय. काद्री मिळेल का?"

अनुयानं काद्रीला विचारलं.

"तासभर पुरेल?" काद्री म्हणाली.

अनुयानं दोन तास लिहून ठेवले.