टोपलीतलं पाकीट

माझ्या पोरीला, ग्रिसेल्दाला, कॉलेजने पहिल्या वर्षी अपूर्णांकांच्या वर्गात बसवलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसले ती मी. प्रवेशाच्या चाचणीत ती गडबडली होती. एकोणीस वर्षांची घोडी, पीचच्या शेडमध्ये पेट्या भरणारी, आणि निघाली पाव-अर्धा-पाऊण शिकायला! "एवढं तर मी तुला पोळीचे तुकडे करून शिकवलं असतं," मी म्हटलं. ती वही घेऊन बसली. तिचा बाप मात्र बोलला. कासिमिरो तसा कमी बोलायचा. "दुवी," मला म्हणाला, "तुझी जीभ शेडमध्ये दे फळं कापायला. सुऱ्यांना धार लावायला नको."

पोरगी एकेक पायरी वर गेली. अपूर्णांक, मग बीजगणित, मग आणखी एक बीजगणित, मग त्रिकोण, आणि चौथ्या वर्षाला कॅल्क्युलस. सकाळी पाचला माझ्याबरोबर शेडवर, दोनला घरी, अंगावरची पीचची लव खरवडून धुवायची आणि संध्याकाळी कॉलेज. तिथे सगळे असेच. कुणी गोठ्यावरून सरळ यायचं, बुटांना शेण तसंच. एक आजीबाई मांडीवर नातू घेऊन समीकरणं सोडवायची म्हणे. "तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडतात," ग्रिसेल्दा सांगायची. "मग तूही एक नातू शोध," मी म्हणायचे.

एका रविवारी मी टेबलावर घेवडा निवडत होते. तिने माझ्यासमोरून दाणे ओढले. काळे इकडे, पांढरे तिकडे, ठिपक्यांचे मध्ये.

"बघ अमा, हे काळे म्हणजे कार्बन. डावीकडे जितके, उजवीकडे तितकेच निघाले पाहिजेत. एक हरवत नाही, एक जास्त येत नाही."

"मग शिजल्यावर पातेलं भरून वर येतं ते काय?"

"ते पाणी पितात."

"म्हणजे तुझा हिशेब चुकला."

"नाही चुकला. पाणीसुद्धा मांडायचं असतं."

मला ते आवडलं होतं. मी बोलून दाखवलं नाही. म्हटलं, "दाणे परत दे. जेवायला तुझं कार्बन वाढू का?"

पाण्यासाठीच तिचं सगळं चाललं होतं. आमच्या वस्तीत दरवर्षी दारावर एक कागद लागतो, नळाचं पाणी तान्ह्या बाळाला देऊ नका म्हणून. कागद लावून जातात, पाणी तेच राहतं. ग्रिसेल्दाला पाणी शुद्ध करणारी इंजिनिअर व्हायचं होतं. कॉलेजची चार वर्षं झाली की वरच्या मोठ्या विद्यापीठात जायचं आणि तिथली उरलेली दोन करायची. चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. जागा दिली होती, अट एकच. केमिस्ट्रीचा दुसरा भाग याच सत्रात पास झाला पाहिजे. कासिमिरोने ते पत्र फ्रिजवर लावलं. त्याला इंग्रजी माझ्याइतकंच यायचं, म्हणजे अजिबात नाही. तरी रोज कामावर जाताना त्याच्यासमोर उभा राहायचा. "काय वाचतोस रे?" मी विचारलं. "तिचं नाव," तो म्हणाला. "ते मला कळतं."

मेच्या पहिल्या शनिवारी तो बागेत पीचची विरळणी करत होता, जादाची कोवळी फळं तोडत. शिडीवरच बसून राहिला. लोकांना वाटलं दम खातोय. बराच वेळ त्याला कुणी हाकच मारली नाही.

सोमवारी माती दिली. संध्याकाळपासून नऊ दिवसांच्या जपमाळा सुरू झाल्या. मी त्या काटेकोरपणे करते. पुढच्या खोलीत, जिथे शवपेटी ठेवली होती, तिथे जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला; नऊ दिवस तोच त्याचा देह. डोक्याशी चार मेणबत्त्या आणि पायाशी वेताची टोपली. मेलेल्यासाठी लोक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे पाद्रीची प्रार्थना, सांगतात, त्याची चिठ्ठी पाकिटात घालून या टोपलीत ठेवतात. नवव्या दिवशी क्रूस उचलेपर्यंत ती पाकिटं उघडायची नाहीत. जीव अजून वाटेवर असतो आणि ती त्याची शिदोरी असते. मध्येच कुणी उघडली तर तो उपाशी जातो. हे मला माझ्या आजीने सांगितलं आणि आमच्या अख्ख्या एल तेहोकोते गावात हे कुणी मोडलेलं मी पाहिलेलं नाही. गाव सोडून, सरहद्द ओलांडून तीस वर्षं झाली, म्हणून काय झालं?

पहिली जपमाळ संपली तशी ग्रिसेल्दा स्वयंपाकघरात माझ्यामागे आली.

"अमा, उद्या मला प्रॅक्टिकलला जायला लागेल. सहा ते नऊ."

"काय म्हणालीस?"

"मंगळवार आणि गुरुवार असतं. लागोपाठ दोन बुडाली की नाव काढतात."

घरात बायका होत्या. माझी शेजारीण सोकोरो, ग्रिसेल्दाची धर्ममाता, कॉफीत दालचिनी टाकत होती. मी आवाज खाली आणला नाही.

"सहा ते नऊ तुझा बाप त्या खोलीत जमिनीवर आहे. आणि तू काचेच्या नळ्या हलवायला जाणार? तुझे ते अणू करोडो वर्षांचे आहेत म्हणतेस ना? मग नऊ दिवस थांबतील की. त्यांना कुठे गाडी पकडायची आहे?"

बायका पदराआड हसाव्यात तशा रुमालाआड हसल्या. मलाही जरा बरं वाटलं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मला मी सापडले होते. ग्रिसेल्दा राहिली. वर्गातल्या मैत्रिणीच्या हाती तिने मास्तरांना चिठ्ठी पाठवली आणि मंगळवारी सगळ्यांच्या पुढे बसून जप सांगितला.

बुधवारी दुपारी मास्तर स्वतः आले. बेद्रोसियान नाव. उंच, पाठीत वाकलेले, टाय घातलेला, टोपी हातात. आर्मेनियन माणूस. त्यांच्या बापाचे द्राक्षमळे होते, त्यामुळे आमची स्पॅनिश ते मळ्यातल्या गड्यांसारखी बोलायचे, शिव्या गाळून. ग्रिसेल्दा पोळ्यांसाठी मक्याचं ओलं दळलेलं पीठ आणायला गिरणीवर गेली होती. मी त्यांना क्रुसापुढे नेलं. तिथे उभे राहिले, डोळे मिटले. मग ताट वाढलं. घेवडा, भात, लाल मिरचीतलं डुकराचं मांस. सगळं खाल्लं आणि ताट पोळीने पुसलं. तेवढ्यावरून मी त्यांना चांगल्या घरचे म्हटलं.

"सेन्योरा," ते म्हणाले, "ग्रिसेल्दाच्या कामाचं जरा..."

"मास्तर, या घरात नऊ दिवस कामाचं बोलत नाहीत."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पांढरं पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं. "हे तिला द्या. महत्त्वाचं आहे."

"सगळ्यांचीच महत्त्वाची असतात," मी म्हटलं आणि त्यांच्यादेखत टोपलीत ठेवलं.

त्यांनी टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं. मग टोपी घातली आणि गेले.

ग्रिसेल्दा आली. सोकोरोने तिला दारातच सांगितलं, मास्तर येऊन गेले, जेवून गेले, पाकीट ठेवून गेले. पोरगी पिठाची पिशवी खाली न ठेवताच खोलीत गेली.

"अमा, ते एकच उघडू दे."

"हात मागे घे."

"त्यात माझं काहीतरी असेल."

"या घरात आता तुझं काही नाही. सगळं त्याचं आहे. बापाला वाटेवर उपाशी ठेवायचं असेल तर उघड. मी बघते."

सोकोरो होती, आणखी चौघी होत्या. पोरीचा हात टोपलीवर होता, मनगटाला ओलं पीठ लागलेलं. तिने हात मागे घेतला. पिठाचा एक ठिपका पाकिटांवर पडला होता, तो बोटाने पुसला आणि चुलीकडे गेली. गुरुवारी आणि त्यानंतर रोज ती जपाला पहिल्या रांगेत होती. माझ्या भाचीला मी म्हटलं, बघ, अशी असते लेक.

नवव्या दिवशी क्रूस उचलला. क्रुसासाठी नेमलेल्या पाच धर्मबापांनी पाच भाग उचलले, आधी डोकं, मग दोन्ही हात, मग पाय, शेवटी काळीज. चुना पिसाने गोळा करून डब्यात भरला, दुसऱ्या दिवशी थडग्यावर ओतायला. मग टोपली ग्रिसेल्दाच्या मांडीवर दिली. वाचता येणारी तीच. एकेक पाकीट फोडून ती मोठ्याने वाचत गेली. अमक्याकडून तीन मिस्सा, तमक्याकडून जपमाळ. मग ते पांढरं निघालं. आत दोन कागद होते. तिने पहिला वाचला, दुसरा वाचला, परत पहिला वाचला.

"बेद्रोसियान मास्तर लिहितात," ती म्हणाली, "वडील गेल्याचं फार वाईट वाटलं. तुझ्याकडे पाहून कळतं ते कसे असतील."

"एवढंच?" सोकोरो म्हणाली. "कागद तर दोन दिसतायत."

"दुसरा कोरा आहे," ग्रिसेल्दा म्हणाली आणि पुढचं पाकीट घेतलं.

मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! माझ्या नवऱ्याच्या टोपलीत कॉलेजच्या मास्तरांचं पाकीट. पुढचे दोन आठवडे शेडवर मी भेटेल तिला ते सांगितलं.

जूनच्या शेवटी विद्यापीठाचं दुसरं पत्र आलं. जागा रद्द. "दोन प्रॅक्टिकल बुडाली, नाव काढलं," ग्रिसेल्दा म्हणाली. "बाप मेला म्हणून?" मी विचारलं. "नियम आहे, अमा." तिने फ्रिजवरचं पत्र काढलं, घडी घातली आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्ण पाळी घेतली. फळांचा हंगाम ऐन भरात होता. मुकादम खूश झाला.

मी दोन महिने ते चघळत बसले. मग ऑगस्टमध्ये काळे कपडे घातले आणि बस धरून कॉलेजात गेले. चार वर्षांत पहिल्यांदाच. मास्तर एका लांब खोलीत एकटे काचेच्या नळ्या धूत होते, बाह्या वर सारून, एखाद्या सुनेसारखे.

"माझ्या हातचं जेवलात," मी दारातूनच सुरू केलं, "ताट पुसून जेवलात, आणि माझ्या पोरीला सुतकात हाकलून दिलंत? तुमच्याकडे माणूस मेल्यावर काय करतात, हजेरी घेतात?"

त्यांनी नळी ठेवली. हात पुसायला फार वेळ घेतला.

"सेन्योरा, मी ते पाकीट तुमच्या हातात दिलं होतं."

"हो. आणि ते वाचलं सगळ्यांसमोर. वाईट वाटलं म्हणून लिहिलंत."

"ते पत्रात होतं. दुसरा कागद मुदतवाढीचा अर्ज होता. मी सगळा भरला होता, फक्त तिची सही हवी होती. शुक्रवारी पाचच्या आत. शनिवारी मी तिच्या एकटीसाठी ही खोली उघडणार होतो. शुक्रवारी अर्ज आला नाही. तरी शनिवारी मी येऊन बसलो. म्हटलं, कोण जाणे."

मी एक स्टूल ओढलं आणि बसले.

"मग ओरडून सांगायचं होतं मला. बाई, मूर्ख आहेस, म्हणायचं होतं."

"माझा बाप गेला तेव्हा आमच्या घरात कुणी कामाचं बोललं असतं, तर माझ्या आईने झाडू घेतला असता," ते म्हणाले. "मला वाटलं, संध्याकाळी तुम्ही तिला द्याल. शेवटी पत्रच आहे."

खिडकीत काचेची भांडी उलटी घालून ठेवली होती. निघताना मी एवढंच विचारलं, की तो वर्ग परत कधी. "संध्याकाळचा जानेवारीत," ते म्हणाले. "मी तिला फोन केला होता. म्हणाली, घरात हात कमी आहेत."

घरी आले तर ग्रिसेल्दा टेबलाशी उभी राहून घेवडा निवडत होती. सगळे रंग एकत्रच. मी पिशवी ठेवली.

"मास्तर म्हणाले, तो कागद कोरा नव्हता."

तिने दाणे निवडायचे थांबवले नाहीत. "तू तिथे गेलीस?"

"सगळ्यांसमोर मला तोंडघशी पाडायचं होतंस. मी असते तर पाडलं असतं."

"माहीत आहे, अमा."

"आणि त्या बुधवारी? टोपलीवर हात होता तुझा. मी काय तुझा हात तोडणार होते?"

"तू म्हणालीस अपा उपाशी जातील."

"तुला खरं वाटलं ते? एवढी शिकलेली तू?"

"नाही वाटलं," ती म्हणाली. एक खडा सापडला, तो तिने बाजूला ठेवला. "पण तुला वाटत होतं."

जानेवारी आला. मी दोनदा म्हटलं, जा, घरातले हात मी बघते. ती म्हणाली, बघू. शेडवर तिला पेट्यांच्या रांगेवर मुकादम केलं होतं. आकडे चटकन येतात तिला, म्हणून.

मेमध्ये वर्षश्राद्ध आलं. पुन्हा नऊ दिवस, पुन्हा क्रूस, पायाशी तीच टोपली. दुसऱ्या दिवशी सोकोरोने पाकीट आणलं, तोच पोस्टमनने ग्रिसेल्दाच्या नावाचं एक जाड पाकीट दारात दिलं. कोपऱ्यावर कॉलेजचा शिक्का होता. खोली भरलेली होती. सगळ्या बायका माझ्या हातांकडे बघत होत्या. मी सोकोरोचं टोपलीत ठेवलं. दुसरं घेऊन क्रुसाला वळसा घातला आणि पोरीच्या हातात दिलं.

"उघड," मी मोठ्याने म्हटलं. "आत्ता. इथेच."

ग्रिसेल्दाने ते उलटून पाहिलं. मग खाली वाकली आणि अलगद टोपलीत ठेवलं, बाकीच्या पाकिटांवर.

"राहू दे, अमा," ती म्हणाली. "आता घाई काय आहे?"

आणि तिने जपमाळ काढली आणि सुरुवात केली. मला जपाची उत्तरं द्यावी लागली, सगळ्यांबरोबर.