साहेबांच्या तोंडावर उजेड

आमच्या यजमानांना कमी ऐकू येतं, हे मला पासष्टच्या लढाईच्या आधीपासून माहीत होतं. लष्कराच्या कारखान्यात ते कुणाला कळलं नाही, कारण विजेच्या घणांच्या खात्यात त्या दणदणाटात कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे माणसं हाताच्या खुणांनी आणि ओठांवरून बोलतात. रत्नाकररावांना त्याची इतकी सवय की घरीसुद्धा सारखे माझ्या तोंडाकडे बघत. मी त्यांच्याकडे पाठ करून पोळ्या लाटताना काही विचारलं की उत्तरच नाही. "अहो, कान दाखवून घ्या ना," म्हटलं की चिडायचे. "माझ्या कानाला काय धाड भरली? तूच तोंडातल्या तोंडात बोलून राहिली."

बरं, इथवर मी निभावून नेलं. पण लढाई लागली, रांझीतल्या आमच्या क्वार्टरच्या काचांना काळे कागद चिकटले, कारखान्यात ओव्हरटाइम वाढला आणि असिस्टंट फोरमनची जागा निघाली. कलकत्त्याहून साहेबांची कमिटी येणार. उमेदवाराने त्यांच्यापुढे उभं राहून आपलं काम इंग्रजीत समजावून सांगायचं, मग ते प्रश्न विचारणार. यजमानांचं काम चोख. तापलेलं लोखंड भट्टीतून घणापर्यंत न्यायची नवी तऱ्हा त्यांनीच बसवली होती. पण इंग्रजी म्हणाल तर 'येस सर' आणि 'व्हेरी गुड सर', खलास. आणि साहेबाचा प्रश्न ऐकू कुठून येणार? कमिटीला नुसता संशय आला असता तरी जागा हातची गेली असती.

मदन महलला भय्यासाहेब म्हणून रेल्वेतले रिटायर हेडक्लार्क राहायचे. ते व्यवहाराचं इंग्रजी शिकवत. दर रविवारी आम्ही बसने त्यांच्याकडे जाऊ लागलो. मी सोबत काहून? तर भय्यासाहेबांच्या मिशा. झुपकेदार, वरचा ओठ पार झाकलेला. त्या मिशांमागून येणारं इंग्रजी यजमानांना कसं दिसणार? म्हणून मी भय्यासाहेबांच्या शेजारी बसायची आणि ते जे बोलतील ते आवाज न काढता ओठांनी बोलून दाखवायची. मी नागपूरला चौथी इंग्रजीपर्यंत शिकलेली, त्यामुळे जमून गेलं. भय्यासाहेबांना वाटायचं, बाईला शिकायची भारी हौस.

"लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड," ते सांगायचे. "म्हणजे एकही दगड उलटल्याशिवाय सोडायचा नाही. अर्थात, प्रयत्नांची शर्थ."

"मग भेडाघाटच्या खडकांतच जन्म जाईल आमचा," मी भय्यासाहेबांकडे वळून म्हटलं. भय्यासाहेब हसले. यजमान हसले नाहीत, मी पुन्हा ओठांनी सांगितल्यावर हसले.

सुरुवातीला 'जंटलमन' म्हणून थांबायचं, मोठा मुद्दा आधी सांगायचा, शेवटी 'इन अ नटशेल' म्हणून सगळं दोन वाक्यांत आवरायचं. प्रश्न कळला नाही तर बावळटासारखं बघत राहायचं नाही, हसून 'येस सर, सर्टनली सर' म्हणायचं. हे सगळं माझ्या डोक्यात असं घुसलं की दिवसभर चैन पडेना. डाळ करपायची आणि मी चुलीपाशी नटशेल नटशेल करत उभी. साहेब काय काय विचारतील ते सगळे प्रश्न मीच काढले, मीच ओठांनी विचारले, त्यांनी उत्तरं दिली. आवाज मात्र त्यांचा घणाच्या खात्यातला. शेजारच्या बेबीदीदी एकदा काळजीने विचारायला आल्या की भाईसाहब तुमच्यावर रोज ओरडतात काहून. मी म्हटलं, "ओरडत नाहीत हो, अंग्रेजी पढ़ रहे हैं."

भय्यासाहेब म्हणाले होते, खिडकीकडे तोंड करून उभे राहा, चेहऱ्यावर उजेड हवा. बसमधून परत येताना मी ते धुडकावून लावलं. "तुमचा चेहरा गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "तुम्ही खिडकीकडे पाठ करा. उजेड साहेबांच्या तोंडावर पडला पाहिजे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी असं काहून म्हटलं ते त्यांना कळलं, आणि मला कळलं की त्यांना कळलं.

कमिटीच्या दिवशी मी घरात टिकेचना. दोनदा बसस्टॉपपर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा निघाले तर समोरून सायकलवर तेच येत होते, चेहरा फुललेला. साहेबांनी विचारलेले बहुतेक प्रश्न आमचेच निघाले. एक साहेब तोंडात पाइप धरून काही बोलला, तेव्हा यजमान 'सर्टनली सर' म्हणाले आणि तो खूश झाला. जागा मिळाली. मी अख्ख्या लाइनीत पेढे वाटले. खोटं काहून बोलू, मला वाटलं, ही जागा मीच मिळवली.

नव्या जागेबरोबर काचेची केबिन आली, टेबल आलं, आणि टेबलावर टेलिफोन.

टेलिफोनचा विचार मी केलाच नव्हता. एवढे प्रश्न काढले, एवढे दगड उलटले, आणि हा एवढा काळा डबा मला दिसला नाही.

पहिल्याच आठवड्यात एकदा ते संध्याकाळी आले आणि बूट न काढता खुर्चीत बसले. चहा दिला, तो नुसता हातात धरून बसले. मी समोर बसले.

"घण दुरुस्तीला बंद होता," ते म्हणाले. "गुणवंत फिटर खाली हात घालून काम करून राहिला होता. फोन आला. म्हणजे चपराशाने खूण केली की वाजून राहिला. मी उचलला, कानाला लावला."

"मग?"

"समोर तोंडच नव्हतं."

ते चहाकडे बघत सांगत राहिले.

"मी म्हटलं, येस सर, सर्टनली सर. ठेवून दिला. मागून कळलं, बिजलीवाले विचारत होते, माणसं बाजूला झालीत का, घण चालू करू का." त्यांनी कप खाली ठेवला. "गुणवंतने पाना घ्यायला हात बाहेर काढले तेवढ्यात घण खाली आला. एवढ्या पान्याकरता वाचला, प्रमोदिनी. नाही तर दोन्ही हात गेले असते त्याचे."

"त्याला काय सांगितलं?"

"त्याला वाटून राहिलं, बिजलीवाल्यांची चूक. सगळ्यांनाच तसं वाटून राहिलं. उद्या त्यांच्या माणसाला जाब विचारणार आहेत."

गुणवंतची बायको माझ्याच हातून पेढा घेऊन गेली होती. एक मन म्हणत होतं, गप बस, कुणाला काही कळलेलं नाही, फोन चपराशाला उचलायला लावू, काहीतरी तोड काढू. तोड काढण्यात मी हुशार, ते तर झालंच होतं सिद्ध. आणि त्या हुशारीचा मला एवढा राग आला की उठून फिरायला लागले, दोन खोल्यांत फिरून फिरून किती फिरणार. शेवटी त्यांच्यापुढे येऊन बसले.

"उद्या सकाळी मोठ्या साहेबांकडे जा. सांगून टाका."

"काय सांगू? जागा जाईल."

"जाऊ द्या."

"मला इंग्रजीत सांगता येणार नाही."

"तीन शब्द आहेत." मी ओठांनी सावकाश म्हणून दाखवलं. आय कॅनॉट हिअर.

ते बघत होते. दोनदा दाखवलं. मग त्यांनी म्हटलं, स्पष्ट, एकही अडखळ नाही. पुन्हा म्हटलं. भय्यासाहेबांनी पाठ थोपटली असती, इतकं छान.

"आता मला आपल्या भाषेत सांगा," मी म्हटलं.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, जणू तेही मीच आधी म्हणून दाखवणार होते. मी ओठ घट्ट मिटून बसले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तुझा आवाज कसा आहे, ते मी विसरत चाललो."

मी त्यांना काहीतरी म्हणाले. पण मी रडत होते, ओठ थरथरत होते, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही.