शिक्का रजेवर गेला त्या दुपारी

वाहिगुया गावच्या सभागृहात खिडक्यांना चटया लावून अंधार केला होता. मी सगळ्यात मागच्या बाकावर, दाराला लागून बसलो होतो. पळायला सोपं जावं म्हणून. पडद्यावर माझ्या कादंबरीचा सिनेमा चालू होता.

कादंबरी लिहून एकवीस वर्षं झाली. कचेरीतला सरकारी शिक्का कंटाळून रजेवर जातो आणि गावात कुणाला रीतसर जन्मता येत नाही की मरता येत नाही, एवढीच गोष्ट. ती फारशी कुणी वाचली नाही, आणि त्यात वाचकांचं काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही. राकिएता निकिएमा नावाच्या मुलीने ती शोधून काढली आणि तीन वर्षं खपून तिचं एक विचित्र स्वप्न करून टाकलं. तिच्या सिनेमात शिक्का काळा चष्मा लावून गाढवावर बसतो. दाखला न मिळालेली माणसं हळूहळू पारदर्शक होतात. एक मेलेला मास्तर मृत्यूचा कागद हातात पडेपर्यंत रोज शाळेत येऊन पाढे घेतो.

अर्धा तास झाला तरी कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेत आयुक्त तापसोबा बसले होते. उद्यापासून आठवडाभर खेळ होणार की नाही, ते त्यांच्या होकारावर होतं. पडद्यावरचा कचेरीचा साहेब नेमका त्यांच्यासारखाच खोकत होता. मी लिहिलं तेव्हा ते या गावात आलेही नव्हते, पण हे कुणाला पटवणार? लोक पडद्याकडे कमी आणि त्यांच्या मानेकडे जास्त बघत होते.

"यंत्र बिघडलंय का गं?" माझ्या पुढची बाई कुजबुजली. "माणसाच्या आरपार भिंत दिसतेय."

"बिघडलं कसलं!" शेंगदाणे विकणारी आवा मावशी म्हणाली. "तीन आठवडे कचेरीच्या दारात उभी होते मी. कारकून अस्साच बघायचा, माझ्या आरपार."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं.

सिनेमा संपला. चटया वर झाल्या. आयुक्त उभे राहिले.

"हे लिहिलं कुणी?"

राकिएता उठली. "साहेब, जबाबदारी माझी आहे."

"सिनेमा तू काढलास, दिसलं मला. लिहिलं कुणी?"

दार हातभर अंतरावर होतं. पण ती पोर एकटी उभी होती.

मी सामो, आयुक्त मोसी. आमच्या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे. एकाने दुसऱ्याला गुलाम म्हणावं, काय वाटेल ते बोलावं, समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तर त्याचंच हसं होतं. लग्नात, मयतीत माझे भाऊ मोसींना धू धू धुतात, आणि मोसी आम्हाला कुत्र्याचं मुंडकं खाणारे म्हणून चिडवतात. मला अडुसष्ट वर्षांत एकदाही जमलं नाही. शब्द ओठांवर यायचा आणि मी म्हणायचो, "नमस्कार, बरे आहात ना?"

मी उठलो. गुडघे आधी उठले, मी नंतर.

"मी लिहिलं. मी झेर्बो." "आणि काय रे तापसोबा, धन्याने सांगितल्याशिवाय गुलाम उठतो कसा?"

सगळ्या माना गर्रकन माझ्याकडे वळल्या.

मग आवा मावशी किंचाळली, "झेर्बो! अगं बाई, हे तर सामोंचं आडनाव! सामो आहे म्हातारा! साहेब, अडकलात!"

सिनेमाभर दाबून ठेवलेलं हसू एकदम फुटलं. बाकं हलली. आयुक्तांनी तोंडावर हात धरला, पण खांदे गदगदत होते.

"सामो आणि पुस्तक लिहितो?" ते गरजले. "कुत्र्याचं मुंडकं खाऊन कागदाला बोटं पुसली असशील! ते डागच लोकांनी वाचले!"

"त्या डागांत तुझंच तोंड उमटलं," मी म्हणालो. कुठून सुचलं, देव जाणे.

"आणि तो खोकला साफ चुकलाय. मी याहून मोठ्याने खोकतो." त्यांनी खोकून दाखवलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. "चटया सोडा खाली! पहिल्यापासून लावा. आठवडाभर लावा! आणि ए गुलामा, दाराशी काय बसलास? पुढे ये."

सगळ्या रांगांमधून मी पुढे गेलो. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी बाजरीच्या सरबताचा पेला हातात दिला. राकिएता रडत हसत होती. मी तिच्या आणि आयुक्तांच्या मध्ये बसलो.

या वेळी गाढव दिसताच सगळे लोटपोट झाले. पडद्यावरची पहिली बाई पारदर्शक होऊ लागली, तशी आवा मावशी टोपली सावरत उभी राहिली आणि छातीवर हात मारून ओरडली, "बघा, बघा! ती मी!"