दोन नंबरचा बॉयलर

साडीला लावायची पिन शोधताना हाताला लागलं ते ऑक्सिमीटर... बोटाच्या पेरावर चिमट्यासारखं बसणारं, पांढरं, एका कडेला निळ्या शाईचा डाग पडलेलं. शर्मिष्ठाने काही विचार न करता त्यात स्वतःचं बोट घातलं. काही उजळलं नाही. सेल संपले असणार. तरी ती तशीच थांबून राहिली, जशी तेव्हा थांबायची, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून. जणू तिने रोखलेला श्वास थोडातरी त्याच्या वाट्याला जाईल... आणि रत्नाकर हसायचा, हसता हसता खोकायचा. "अगं, मीटर माझ्या बोटाला आहे. तू घे ना श्वास."

फोन वाजला. इरा.

"आई, निघालीस? मी ऑफिसातून लाइव्ह बघणार आहे. टीममध्ये सगळ्यांना सांगितलंय, माय मदर इज शटिंग इट डाउन."

"मी कुठे बंद करतेय? कंपनी बंद करतेय."

"तेच ते गं." सिरुसेरीच्या आयटी पार्कातल्या त्या काचेच्या इमारतीत तिच्यामागे कुणीतरी तमिळमध्ये मोठ्यांदा हसलं. मग इराचा आवाज एकदम लहान झाला. "बाबांसाठी करतेयस ना तू हे? मला माहितेय."

"डबा नेलास का?" शर्मिष्ठाने विचारलं.

गाडी वेस्ट मांबलममधून निघून उत्तरेकडे वळली, तशी रस्त्यावरची फुलांची दुकानं मागे पडली आणि कंटेनरच्या रांगा सुरू झाल्या. बाबांसाठी. इराचं सगळं स्वच्छ होतं — एक जुना, कोळशावर चालणारा बॉयलर, त्याच्यापाशी सगळी नोकरी काढलेला एक माणूस, त्या माणसाची निकामी झालेली फुप्फुसं, आणि आता तो बॉयलर बंद करणारी त्याची बायको. डॉक्टरांनी मात्र असं कधी म्हटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, सिगारेट होती तरुणपणी, राख होती, शहराची हवा आहे, नेमकं कशाने ते सांगता येणार नाही. रत्नाकरने तर दोन नंबरच्या बॉयलरविरुद्ध शब्द काढला नाही शेवटपर्यंत. तो त्याला 'म्हातारा' म्हणायचा. म्हातारा आज कुरकुरतोय. म्हाताऱ्याला ओला कोळसा चालत नाही.

आणि ती म्हाताऱ्याच्या मरणाची तयारी करत होती, त्याच घरात, रत्नाकरच्याच पलंगाशेजारी बसून.

सांगलीहून लग्न करून ती इथे, तमिळ मुलखात आली तेव्हा त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली होती, पाण्याचे नमुने तपासायला. पुढे तिथे पर्यावरण विभाग झाला, मग त्याचं नाव सस्टेनेबिलिटी झालं, आणि ती त्याची प्रमुख झाली. कारखान्यामागे खाडी होती. खाडीच्या काठच्या वस्तीत दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकूनच आत न्यावे लागत. दोन नंबर बंद करून गॅस आणि सौर ऊर्जेवर जायचं, हे ती दर बैठकीत मांडायची, आणि दर बैठकीत तिला सांगितलं जायचं की कागदावर बॉयलर उत्तम चालतोय. कागदावर तो चालतच होता. तो खरा कसा चालतो हे फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस नाकात नळी घालून तिच्या घरी झोपून होता.

म्हणून ती विचारायला लागली. संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. सहज विचारल्यासारखं. राख धरणारी यंत्रणा खरं म्हणजे किती वेळा बंद पडते रे? बॉयलर थंड पडल्यावर पुन्हा पेटवताना किती कोळसा नुसता वाया जातो? आणि रत्नाकर सांगायचा. दोन वाक्यं, मग श्वास, मग पुन्हा दोन वाक्यं. हातांनी हवेत नळ्या काढून दाखवायचा, डोळे चमकायचे. ती टिपून घ्यायची आणि मनात म्हणायची, बिचारा, त्याला वाटतंय आपण त्याच्या कामाचं कौतुक करतोय... ह्या माणसाला मी फसवतेय. त्याच्याच तोंडून त्याच्या म्हाताऱ्याचा मृत्युलेख लिहून घेतेय. त्यावरून लिहिलेला अहवाल मंजूर झाला तो रत्नाकर गेल्यावर. अभिनंदनं झाली, तिने पेढे वाटले आणि घरी येऊन अंधार होईपर्यंत त्या पलंगावर बसून राहिली.

कारखान्याच्या फाटकापाशी मांडव होता, हिरव्या-पांढऱ्या कापडाचा. संपर्क विभागातली लावण्या धावत आली आणि तमिळमध्ये म्हणाली, "मॅडम, तुमची वाक्यं लहान ठेवा हं. आणि एकदा तरी म्हणा, माय हज्बंड वर्क्ड हिअर. लोकांना ते भिडतं."

"बघू."

वस्तीतल्या बायकांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्यातल्या रंजनीला शर्मिष्ठा ओळखत होती. तिच्या अंगणातल्या हवेचे नमुने वर्षानुवर्षं तिनेच घेतले होते. रंजनीने तिचा हात धरून बाजूला घेतलं आणि तमिळमध्ये हळूच विचारलं, "अक्का, आता राख येणार नाही, चांगलं झालं. पण माझा नवरा राखच उचलतो ना? त्याचं काय?"

उत्तर तयार होतं. कायम कामगारांना दुसरीकडे सामावून घेतलं आहे, कंत्राटी कामगारांसाठी प्रशिक्षणाची योजना आहे, पहिल्या तुकडीत थोड्याच जागा आहेत, पुढे वाढतील. तिने ते सगळं सांगितलं. ही योजनाही तिनेच भांडून मिळवली होती, आणि बोलता बोलता तिला तिचाच आवाज एखाद्या फलकावरचा मजकूर वाचल्यासारखा ऐकू आला. रंजनीने मान डोलावली. तिने हात सोडला नाही लगेच. "नाव घालशील ना त्याचं?" म्हणाली.

"घालीन." आणि हे खरं होतं. घालीन. पण मग कुणाचं तरी राहील.

भाषणं झाली. 'माझे पती इथे काम करत' हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथून परत गेलं. साहेबांनी मांडवातल्या टेबलावरचं एक मोठं बटण दाबलं, टाळ्या झाल्या. त्या बटणाला काही जोडलेलं नव्हतं, हे तिथे बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. खरा बॉयलर तिकडे आत, कंट्रोल रूममध्ये बंद होत होता.

ती तिथे गेली. दाराशी कोहळा फोडला होता, कुंकू लावलेले तुकडे ओल्या फरशीवर, कापराचा वास. आत रंगा एकटाच होता, आताचा शिफ्ट इनचार्ज, एके काळी रत्नाकरच्या हाताखाली शिकलेला. रंगाचे पूर्वज तंजावरचे. त्याची मराठी शर्मिष्ठाला सुरुवातीला जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी वाटायची, वर तमिळची लय.

"वैनी, आलांत? बरें केलेंत. बसा." त्याने खुर्ची पुसली. रत्नाकरची खुर्ची होती ती. कोळसा बंद केला होता, काटे फार सावकाश खाली येत होते. खिडकीबाहेर मोठ्या पंख्यांची घरघर अजून चालू होती. तिला वाटलं, आता हा मला दोष देईल. द्यावा. कुणीतरी द्यायलाच हवा. गेलं वर्षभर सगळे नुसतं कौतुक करताहेत...

"तुला राग आला असेल माझा," ती म्हणाली.

"अय्यो, राग कशास? जुनें झालें होतें. दादाच म्हणत, याचे दिवस भरले."

"त्याला माहीत नव्हतं, रंगा. मी बंद करायला निघालेय हे मी त्याला सांगितलंच नाही."

रंगाने तिच्याकडे पाहिलं. त्याला खरोखरच नवल वाटलं असावं. "दादांस ठाऊक होतें कीं! मी भेटाया आलों होतों नव्हें? तुम्ही ऑफिसांत होतांत. मीच म्हणालों, दादा, वैनी इतकें विचारितात तें बंद कराया विचारितात. ते हसले. म्हणाले, ठाऊक आहे रे. पण तिला बोलूं नको." कापराचं तबक बाजूला ठेवत तो सहज, एखादी गोड आठवण सांगावी तसं सांगत होता. "म्हणाले, मला ठाऊक आहे हें तिला कळलें तर विचारायची थांबेल. विचारते तोंवर माझ्यापाशीं बसते."

मग तो काटे बघायला वळला.

विचारते तोवर माझ्यापाशी बसते. ती खुर्चीत तशीच राहिली. हे असं नव्हतं, तिला म्हणायचं होतं, रंगा, हे असं नव्हतं — मी बसत होतेच, औषधं मी देत होते, नळी मी बदलत होते, रात्री उठून... उठून, हो. उभ्याने. देऊन, बदलून, पुसून ती निघायची, कारण थांबलं की ऐकू यायचा तो श्वास. लॅपटॉप मांडीवर असला की तो तेवढा ऐकू यायचा नाही. एका रविवारी तिने काहीच विचारलं नव्हतं. दोघंही टीव्हीकडे बघत होते आणि ती कुकर बघायला उठली, तेव्हा तोच म्हणाला होता, "आज काही नाही विचारायचं?" आणि तिला केवढं बरं वाटलं होतं! ती लॅपटॉप घेऊन आली होती.

आणि ते 'राहिलेलं उद्या सांगतो'. रोज शेवटी. दमलो, राहिलेलं उद्या. तिने ते आजाराच्या खाती टाकलं होतं. आता कोण सांगणार, तो खरंच दमायचा की थोडं मागे ठेवायचा, दुसऱ्या संध्याकाळसाठी... आपला म्हातारा तुकड्या-तुकड्याने तिच्या हाती देत, एकेका तुकड्याला एक संध्याकाळ.

ती वर्षभर ज्या अपराधाला धरून उभी होती तो अपराध घडलाच नव्हता. तिने त्याला फसवलं नव्हतं. हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला त्याचा राग आला, तो गेल्यापासून पहिल्यांदा. सांगायचं होतंस. एकदा म्हणायचं होतंस, नुसती बस. मी काय नाही म्हणाले असते? मी बसले असते रे. लॅपटॉप मिटून, तुझा हात धरून, काही न विचारता, किंवा विचारायचं ते विचारलं असतं, की तुला भीती वाटते का... हे एवढंच नाही विचारलं मी. कोळशाची राख विचारली, वाफेचा दाब विचारला.

बाहेर पंख्यांची घरघर उतरत गेली आणि थांबली. रंगाने हात जोडले. इतकी शांतता त्या खोलीत कधी नसावी. तिला स्वतःचा श्वास ऐकू आला आणि उठून जावंसं वाटलं.

ती उठली नाही.

"मॅडम, फोटो!" लावण्या दारात उभी होती. "सगळे थांबलेत."

"मी बसले असते," शर्मिष्ठा म्हणाली.

"काय, मॅडम?"

लावण्याला मराठी येत नव्हती. शर्मिष्ठाने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा समोर, आणि तेच वाक्य मनात म्हणून बघितलं, सावकाश, ते खरं आहे का हे ऐकत... बसले असते. कदाचित. एखादी संध्याकाळ.