सुन्सचं गणगोत

पितांबर सरांकडे संस्कृत पोत्यानं होतं, मनाचा मोठेपणा मात्र औषधालाही नव्हता. मुलगा जितेंद्र लॅटव्हियात नोकरीला गेला, तिथल्याच इल्झेशी लग्न करून बसला, तर या गृहस्थांनी चार वर्षं त्याच्याशी अबोला धरला. अखेर पुष्पाबाईंनी जेवण सोडलं, तेव्हा कुठे दिवाळीत व्हिडिओ कॉल लागला.

बोलता बोलता जितेंद्र दार उघडायला गेला आणि फोन इल्झेच्या हातात राहिला. पुष्पाबाई हरखल्या. "माझी सून, सून गं माझी," म्हणत पडद्यावरूनच तिचा गाल कुरवाळू लागल्या. इल्झेचा चेहरा पडला. मागून तीन वर्षांची नात घरातल्या कुत्र्याला ओढत घेऊन आली. पुष्पाबाईंना काय कळणार? सुनेसाठी घडवलेली सोन्याची पोत दाखवायची म्हणून त्या कपाटाकडे पळाल्या.

शेजारी बसलेल्या, शब्दांची कुळं धुंडाळणाऱ्या सरांना सगळं कळलं होतं. तिकडे कुत्र्याला 'सुन्स' म्हणतात.

जितेंद्र परत आला. "आबा, इल्झे म्हणते आईनं तिला कुत्री म्हटलं. आई 'सून' म्हणाली असेल ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण चार वर्षांची जळजळ जिभेवर आली. "तुझ्या बायकोला जे कळलं, तेच म्हणाली ती."

फोन कट झाला. पोत घेऊन आलेल्या बाईंना सरांनी सांगितलं, "रेंज गेली." त्यानंतर तिकडे कुणी फोन उचलला नाही. आपलं गावठी रूप सुनेला आवडलं नसेल, असं म्हणून बाई महिनोन्‌महिने स्वतःलाच दोष देत राहिल्या. सरांनी तेही ऐकून घेतलं.

मग धुळ्याच्या कॉलेजात सरांचं व्याख्यान ठरलं. बाई पहिल्या रांगेत बसल्या. सर रंगात आले. "संस्कृतातला श्वन्, जुन्या मराठीतलं सुणें, इंग्रजीतला हाउंड आणि लॅटव्हियातला सुन्स, सगळे कुत्र्याचेच शब्द, एकाच घरातले. हजारो वर्षांची ताटातूट झाली, तरी नातं तुटलं नाही."

टाळ्या पडल्या. बाईंचे हात मांडीवरच राहिले.

परतीच्या बसमध्ये पारोळा मागे पडल्यावर त्या बोलल्या. "दिवाळीलेच मालूम होतं तुमाले?"

"हो."

"जितूनं इचारलं होतं?"

सर खिडकीची काच सरकवू लागले. पुष्पाबाई उठल्या आणि पुढच्या सीटवर एका अनोळखी बाईशेजारी जाऊन बसल्या.

"संगे कोनी शे का, अक्का?" तिनं सोबतीचं विचारलं.

"कोनी नही," पुष्पाबाई म्हणाल्या.