पळीभर पाणी

टँकर वडाखाली येऊन उभा होता, पण पाणी कुणाला मिळत नव्हतं.

सकुबाई हंडा घेऊन सकाळपासून रांगेत होती. घरी नातसून काजल बाळंतीण. आज बाळाची पाचवी. संध्याकाळी सटवाईची पूजा मांडायची, त्याआधी मायलेकरांना न्हाऊ घालायचं, आणि घरात थेंब नव्हता. विहिरीच्या तळाशी नुसता गाळ उरला होता. डोंगरापलीकडच्या धरणातलं पाणी मुंबईला जायचं, आणि शेणव्याजवळच्या या गावाला मे महिन्यात टँकरची वाट बघायला लागायची.

"जगदीश, अरे सोड ना पानी," ती म्हणाली.

जगदीश पांढऱ्या कपड्यांत मांडवाभोवती नाचत होता. "आत्या, जरा दम धरा. आमदार सायब मुरबाडवरनं निघालेत. आधी काकांचा सत्कार, मग टँकरची पूजा, मग पानी. आज गावाचा मान हाय."

"मान काय हंड्यात भरून नेऊ?"

बायका फसकन हसल्या. जगदीश खुर्च्या पुसायला निघून गेला. मांडवातल्या टेबलावर विकतच्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. त्याच्यामागे फिरणाऱ्या कार्यकर्त्या पोरांनी त्यातल्या दोन आताच फोडून एकेक घोट घेऊन टाकून दिल्या होत्या.

सत्कार होता जगदीशच्या चुलत्याचा, गणूचा. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून जागोजागी म्हाताऱ्यांना शाली मिळत होत्या आणि जगदीशला पुढची निवडणूक दिसत होती.

सकुबाईला गणू पोरपणापासून ठाऊक. तिला गावातल्या गावातच दिलेली, त्यामुळे माहेरची माणसं कधी नजरेआड झाली नाहीत. झाला तो एकटा थोरला भाऊ, नथू. लढाईच्या वर्षांत कल्याणचा एक मुकादम बोटीवर माणसं लागतात म्हणून सांगत आला. नथू आणि गणू दोघे त्याच्याबरोबर गेले. बोटीच्या पोटात भट्टीत कोळसा टाकायचं काम. बोट जर्मनांनी बुडवली. नथू आलाच नाही. आई दाराकडे बघत बघत गेली. गणू विलायतेतच राहिला. कारखान्यात लोखंड ओतलं, एका गोऱ्या बाईशी संसार केला, ती वारली, आणि तीन वर्षांमागे एक बॅग आणि नकली दात घेऊन तो पुतण्याच्या घरी परत आला.

आल्या आल्या तो सकुबाईच्या ओट्यावर येऊन बसला होता. तिनं विचारलं आणि त्यानं सगळं सांगितलं. बोट बुडाल्यावर होडीत दाटीवाटीनं बसलेली माणसं. पाण्याच्या पिंपावर गोरा अधिकारी बसलेला. टिनाची एवढीशी वाटी, देवाच्या पळीएवढी. गोऱ्यांना ती भरून, काळ्यांना अर्धी. नथूची जीभ सुजून बाहेर आलेली.

"सगळ्यांकडं मागत व्हता गो. माज्याकडं पन मागितलं. मी नाय दिलं. कुनीच कुनाला देत नव्हतं."

तेव्हा सकुबाई त्याला काही बोलली नव्हती. जगायचं होतं त्याला. त्यात दोष कसला द्यायचा? उलट तेव्हापासून तो आला की कितीही टंचाई असो, ती आधी तांब्या भरून पुढे ठेवायची. तो शेवटचा थेंब पिऊन तांब्याच्या आत बोट फिरवायचा आणि ते बोट चाटायचा. ते बघून तिच्या काळजात कालवायचं. पाण्याची किंमत कळलेलं गावात हे एकच माणूस, असं तिला वाटायचं.

साहेब आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भाषणं झाली. गणूनं म्हणे इंग्रजांच्या छाताडावर पाय दिला होता. सकुबाई मनाशी म्हणाली, अरे मेल्यांनो, इंग्रजांच्याच बोटीत कोळसा टाकत होता की तो! पण गणू मान हलवत बसला होता. डोक्याला केशरी फेटा, गळ्यात हार, तोंडभर ते पांढरेशुभ्र दात.

मग त्याच्या हातात माईक दिला.

"माजा दोस्त नथू," तो सुरू झाला. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं घोटून आणलेलं. "त्यानं आपल्या वाटनीचं पानी माज्या तोंडात घातलं. म्हनला, गणू, मला नको. तू जग. आपला देस सोतंत्र झालेला बघ."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गणूनं उपरण्यानं डोळे टिपले. खरंच ओले झाले होते ते.

सकुबाईच्या नथूला देश ठाऊक नव्हता. त्याला ठाऊक होता घरचा खोंड आणि ओढ्याकाठचा फणस. तहानेनं मेलेल्या पोराच्या तोंडात कुणी पाणी घातलं नाही, आणि आज भाषण घातलं.

"आता पाद्यपूजा!" जगदीश ओरडला. टँकरची तोटी सुटली ती त्यासाठी. दोन कळशा भरल्या आणि तोटी पुन्हा बंद. घंगाळ आलं, पाकळ्या आल्या. गणूनं धोतर वर सरकवून पाय पुढे केले. नखं वाढलेली, टाचा भेगाळलेल्या. साहेबांनी पहिली कळशी अर्धी ओतली. फोटोवाला म्हणाला, परत एकदा, नीट आलं नाही. साहेबांनी उरलेली ओतली. घंगाळ भरून पाणी व्यासपीठाच्या फळीवर आलं, फळीवरून धुळीत. एक कुत्रं येऊन चाटायला लागलं. रांगेतल्या बायका हंड्यांना टेकून बघत राहिल्या. आणि गणू डोळे मिटून बसला होता, देवळातल्या मूर्तीसारखा.

दुसरी कळशी साहेबांच्या हातात जायच्या आत सकुबाई वर चढली आणि तिनं ती उचलली.

"आत्या, काय करताव? अगो फोटो व्हायचाय!"

"मग माजा काढ," ती म्हणाली. "लेकराला न्हानी घालायचीय."

जगदीशनं कळशीच्या काठाला हात लावला. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की हात आपोआप सुटला. गणूनं डोळे उघडले. "सकू," तो म्हणाला. तिनं त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. कळशी कमरेवर घेऊन ती भर मांडवातून चालत गेली. मागे रांग फुटल्याचा, हंड्यांचा आणि बायकांचा गलका उठला. टँकरची तोटी कुणीतरी उघडली होती.

बाळ न्हालं, काजल न्हाली. पाचवीची पूजा झाली. दिवेलागणीला गणू आला. फेटा नव्हता, हार नव्हता. नेहमीच्या जागी, ओट्याच्या कडेला बसला.

"रागावलीस?"

ती वाती वळत राहिली.

"तिकडं मला जॉनी म्हनायचे गो. फॅक्टरीत जॉनी, गल्लीत जॉनी. बायको पन जॉनीच म्हनायची. इतकी वर्सं माज्या नावानं हाक आली नाय कधी. आज माईकवर पुरं नाव घेतलं माजं, बापासकट. जगदीश आधीच म्हनला व्हता, जरा रंगवून सांगा..."

"माज्या भावानं पानी मागितलं," सकुबाई म्हणाली. "मागत मागत मेला तो. तू दिलं नाय त्याचं मला कदी काय वाटलं नाय. पन आज तू त्याच्या तोंडून 'मला नको' म्हनवलंस. त्याची तहान पन ठेवली नायस रे त्याच्याकडं."

गणूच्या नकली दातांची खटखट झाली. तो म्हणाला, "तहान लागलीय गो."

ती उठली. घरात कोपऱ्यात कळशी अर्धी शिल्लक होती. तिनं तांब्याला हात लावला नाही. देव्हाऱ्यातली पळी घेतली, अर्धी भरली आणि आणून त्याच्यापुढे धरली.

"एवडंच व्हतं ना?"

गणूनं पळीकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिला वाटलं, उठून जाईल. पण त्यानं पळी घेतली. थोडं पाणी सारवणावर सांडलं. उरलेलं तो प्याला, आणि मग सवयीनं पळीच्या आत बोट फिरवून त्यानं ते चाटलं.

सकुबाईला शिसारी आली. हेच बोट बघून आपल्याला तीन वर्षं भरून येत होतं, या गोष्टीचीच आली.

तो जोत्याच्या पायऱ्या धरत धरत उतरून गेला. ती चुलीपाशी बसली आणि पळी राखेनं घासायला लागली. कोरडीच घासली. आज त्या पळीवर पाणी घालायचं तिच्या मनात नव्हतं.